बाबलीची आंघोळ

दांडी या मच्छीमार वाडीच्या रापणीत सत्तर माणसं होती. दोर ओढायला सगळीच पुढे असत, पण समोरच्या, किल्ल्याभोवतीच्या पाण्यात मासा आहे की नाही हे सांगणारा त्यांच्यात एकच होता, बाबली कुबल. रापण म्हणजे दमाचं काम. होडीतून लांबच लांब जाळं अर्धगोलात सोडत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, आणायचे आणि मग अख्ख्या वाडीने दोन रांगा करून ते ओढायचे. दोन-दोन, तीन-तीन तास ओढ चाले आणि तळहाताची सालं निघत. एवढं करून जाळ्यात शेवाळ यावं असं कोणालाच वाटत नसे. म्हणून सकाळी सगळ्यांचे डोळे बाबलीच्या डोक्यावरच्या लाल फडक्याकडे असत. त्याने फडकं सोडून हवेत फिरवलं की होडी सुटे. फडकं डोक्यावरच राहिलं, तर सत्तर माणसं निमूट विड्या ओढत बसत.

त्याला ते कसं कळतं हे शिकायचा पुष्कळांनी प्रयत्न केला. तो शिकवायलाही तयार असे. "थंय बग, किल्ल्याच्या उजव्या अंगाक. पाणी जरा जांभळा दिसता मा?" समोरचा डोळे फाडफाडून बघे आणि त्याला पाणी पाण्याच्याच रंगाचं दिसे. "पाऊस नाय, तरी पाऊस पडल्यासारख्या पाणी शिरशिरता, ता बग." तेही दिसत नसे. शेवटी लोकांनी नाद सोडला. देवाने प्रत्येकाला काहीतरी देताना बाबलीला जरा झुकतं माप दिलं, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

खरी गोष्ट त्याने फक्त जानकीला, आपल्या बायकोला, सांगितली होती. मासा डोळ्यांना दिसायच्या आधी त्याच्या हाताला कळे. मनगटापासून कोपरापर्यंतचे केस उभे राहत, आणि मग त्याला ते दिसे: बांगड्यांचं अख्खं गाव पाण्याखालून चाललेलं, हजारो जीव एकाच वेळी वळणारे, आणि वरचं पाणी त्यांच्या चालण्याने थरथरणारं. वीस वर्षं तो हे बघत होता. वीस वर्षांत ते एकदाही शिळं झालं नाही. दर वेळी तो जत्रेत आलेल्या पोरासारखा आ वासून उभा राही, आणि रापणीचा तांडेल गंगाराम, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, मागून ओरडे, "तोंड मीट रे, बांगडो शिरतलो!"

सत्तावन्न सालच्या चवथीला मुंबईचे चाकरमानी आले, ते गणपतीच्या आधी ताप घेऊन आले. विसर्जन व्हायच्या आत निम्मी वाडी अंथरुणावर होती. त्याला कोणी फ्लू म्हणे, कोणी नुसतंच साथ. दवाखान्यात गुलाबी औषधासाठी बाटल्यांची रांग लागे. घरोघर गवती चहाचा काढा उकळे आणि खोकल्याच्या आवाजावरून कोणतं घर कोणाचं हे डोळे मिटून सांगता येई. बहुतेक सगळे चार-पाच दिवसांत उठले. बाबली नाही उठला. तिसऱ्या दिवशी ताप त्याच्या छातीत उतरला. जानकीने दोन्ही पोरं मिठबावला आपल्या माहेरी धाडली आणि अकरा दिवस ती नवऱ्याच्या उशाशी बसून राहिली. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्या देवाला सांगा." तिने सांगितलं. बाराव्या दिवशी पहाटे बाबलीला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला.

आता रापणीची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. रापणीतला माणूस आजारी पडला की रोज संध्याकाळी त्याच्या दारात माशांची एक लहान पाटी ठेवली जाई. ठेवणाऱ्याने 'कधी येतोस' असं विचारायचं नाही आणि घरच्यांनी 'कोणी ठेवली' असं विचारायचं नाही. ताप उतरून पाच दिवस गेले की आजाऱ्याची आंघोळ. निगडीचा औषधी पाला घालून पाणी तापवायचं, परसातल्या माडाखालच्या दगडावर त्याला बसवायचं, आणि पहिला तांब्या तांडेलाने स्वतःच्या हाताने डोक्यावर ओतून म्हणायचं, "ऊठ, चल रापणीक." न्हाला की माणूस बरा. दुसऱ्या दिवसापासून पाटी बंद आणि दोर हातात. रीत मोठी मायेची होती, तिला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र तिला फक्त ताप ओळखता येत होता, आणि ताप गेल्यावरही माणसाला काही होऊ शकतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यातून गंगारामाला घाई. बाबली पडल्यापासून रापण अंदाजाने लागत होती आणि अंदाज चुकत होते. त्याने पाचव्याऐवजी चौथ्याच दिवशी आंघोळ घातली. बाबली दगडावर बसला, पाणी डोक्यावरून वाहून गेलं, गंगाराम नेहमीचं वाक्य बोलला, आणि वाडीने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी बाबली लाल फडकं बांधून पुळणीवर उभा राहिला. समोर पाणी होतं. त्याच्यापलीकडे किल्ला होता. वर आभाळ होतं. तो बघत राहिला, पण त्याला काहीच झालं नाही. हात गार पडले होते आणि हातावरचे केस निपचित होते. पाणी नुसतं पाणी दिसत होतं, बादलीत दिसतं तसं.

"अशक्तपणा आसा," गंगाराम म्हणाला. "पेज खा पोटभर."

बाबलीने पेज खाल्ली. पेजेला चव नव्हती. माशालाही नव्हती, तांदळालाही नव्हती. पोरं मिठबावहून परत आली. धाकटीने वाटेत मिळालेला एक शंख त्याच्या कानाला लावला आणि विचारलं, "आयकाक येता?" त्याला ऐकू येत होतं, पण ऐकून काय करायचं ते आठवेना. तो हो म्हणाला. पोरगी खूश होऊन निघून गेली आणि तो तिथेच बसून रडला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. रात्री झोप येत नसे आणि सकाळी उठवत नसे. घरात कोणी त्याला दुखवलं नव्हतं, कशाची कमी नव्हती, छाती साफ होती. एखादा पाय मोडला असता तर निदान लोकांना दाखवता आला असता. हे दाखवायचं कुठे?

"जीव खंय आसा तुमचो?" जानकीने एकदा विचारलं.

"माका म्हायत नाय गो," तो म्हणाला. "माका पाणी दिसता. नुसता पाणी."

जानकीला त्या वाक्याची भीती वाटली. वीस वर्षांत तो समुद्राला कधी नुसतं पाणी म्हणाला नव्हता.

महिना गेला. दसरा झाला, आणि वाडीत ज्याला त्याला डॉक्टरकी सुचू लागली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं बाधा झाली, कोणी म्हणालं गुरवाकडून कौल लावून घ्या. कौलही लावला. देवाने उजवा दिला, म्हणजे सगळं ठीक आहे. विमला नावाची एक बाई होती, तिच्या जिभेला धार जरा जास्तच, पण दोर ओढण्यात चार पुरुषांना भारी. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "न्हावन म्हयनो झालो. आता कसलो आजार? सोंग आसा सगळा." बाबली दहा पावलांवर होता. त्याने ते ऐकलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला वाटलं, खरंच असेल.

आणि मग त्याने ती गोष्ट केली. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी सत्तर माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी असताना त्याने फडकं सोडलं आणि हवेत फिरवलं. त्याला काही दिसलं नव्हतं. फक्त त्यांचं ते बघणं त्याला सहन होईना. होडी सुटली, जाळं पडलं, दोर आले. "बाबलीक दिसला!" अशी हाळी वाडीभर गेली, म्हाताऱ्यासुद्धा पाट्या घेऊन धावत आल्या. तीन तास माणसं ओढत होती. बाबलीही ओढत होता, सगळ्यांत जास्त जोर लावून. शेवटी जाळ्याचा घोळ, त्याचा पिशवीसारखा मधला भाग, वर आला. त्यात शेवाळ होतं, एक फुटकी घागर होती आणि थोडे खेकडे होते.

कोणी काही बोललं नाही. विमलासुद्धा बोलली नाही. माणसांनी जाळं झटकलं, घडी घातली आणि ती आपापल्या घरी गेली. शिव्या दिल्या असत्या तर बाबलीने त्या झेलल्या असत्या. त्या गप्प पाठी बघून तो आतून संपला.

आता बाबलीच्या मनात काय आलं ते आडपडदा न ठेवता सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी फटफटीत उजाडायच्या आत लहान होडी काढायची, किल्ल्याच्या पलीकडे जायचं आणि परत यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. ठरवल्यावर त्याला बरं वाटलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याला थोडी झोप लागली. जानकीला वाटलं, माणूस सुधारतोय.

उजाडता उजाडता तो पुळणीवर आला. होडी जागच्या जागी होती, पण तिच्यातली वल्ही नव्हती. होडीच्या पलीकडच्या बाजूला वाळूत गंगाराम बसला होता. साठीला टेकलेला माणूस, अंगावर घोंगडी, आणि मांडीवर दोन्ही वल्ही आडवी.

"खंय चललंस?"

"जरा फिरान येतंय."

"बस हंय."

बाबली बसला. ओहोटी होती. पाणी किल्ल्याच्या खडकांवरून उतरत होतं.

"माझो एक थोरलो भाव होतो," गंगाराम म्हणाला. "लवू. तू जन्माक येवच्या आधीची गोष्ट. अठरा साली मानमोडीची साथ इल्ली. अर्धी वाडी गेली. लवू मातर वाचलो. बापूस तेवा तांडेल, तेनाच तेका न्हाऊक घातल्यान, पाटी बंद झाली. आणि मगे तो असोच बसान ऱ्हवायचो. तुझ्यासारखो. जेवणार नाय, बोलणार नाय. दोन म्हयने. एक दिवस मी तेका म्हटलंय, न्हालस-धुतलस, आता किती दिस फुकटचा खातलस?"

वल्ह्याच्या लाकडावरून गंगारामचा अंगठा फिरत होता.

"मी वीस वर्सांचो होतंय. माका काय अक्कल. दुसऱ्या दिसा फाटफटी लवू होडी घेवन गेलो. होडी तिसऱ्या दिसा तळाशिलच्या किनाऱ्याक गावली. लोक म्हणाले, दर्यान नेल्यान. मीय चाळीस वर्सा तसाच म्हणत इलंय. बायलेकसुद्धा खरा सांगाक नाय." तो आता बाबलीकडे बघत होता. "काल जाळा रिकामा इला आणि तू कोणाकडे बघनासो झालंस. ता बघलंय, आणि रातभर माझो डोळो लागाक नाय. तुझा तोंड लवूसारख्या दिसला."

"माका ताप नाय, तांडेलानू," बाबली म्हणाला. "छाती बरी आसा. मगे ह्या काय आसा?"

"माका म्हायत नाय. नाव म्हायत नाय आणि औषध म्हायत नाय. पण आजार आसा, येवढा म्हायत आसा. लवू आजारीच होतो. आमी तेका बरो ठरवलाव."

बाबलीने गुडघ्यांत डोकं घातलं. गंगारामने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, तसली सवय त्याला नव्हती. तो नुसता शेजारी बसून राहिला, सूर्य वर येऊन वाळू ऊन होईपर्यंत. मग दोन्ही वल्ही खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "ही माझ्या घराकडे ऱ्हवतली."

त्या दिवशी माणसं जमली तेव्हा गंगारामने लगेच होडी सोडायला सांगितलं नाही. आधी त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं.

"बाबली न्हावक नाय," तो म्हणाला.

लोकांना वाटलं म्हातारा चळला. विमला पुढे झाली. "तांडेलानू, मी सोता बघलंय. तुमीच पाणी ओतलात."

"ओतलंय. आंगावर ओतलंय, आत पोचाक नाय. पाच दिस होवचे होते, माका बांगड्यांची घाई, मी चौथ्या दिसा घातलंय. चूक माझी, तेची नाय. ती आंघोळ मी मोडतंय. बाबली अजून आजारी आसा. जेवा न्हातलो तेवा न्हातलो, कोणी इचारूचा नाय."

दांडीच्या रापणीत कोणाची झालेली आंघोळ कधी कोणी मोडली नव्हती. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली रीत, तिच्यात असं काही बसत नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. आणि गंगाराम तांडेल, ज्याने उभ्या जन्मात कोणाजवळ चूक कबूल केली नव्हती, तो त्या सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा होता. तेच बघून लोकांना खरा धक्का बसला. कोणी 'बरं' म्हणालं नाही, पण कोणी 'नको' असंही म्हणालं नाही.

त्या संध्याकाळी बाबलीच्या दारात पाटी आली. जानकी दिवा लावायला बाहेर आली तर उंबऱ्याशी पाटीत हिरव्या पानावर मासे, ताजे, अजून चमकणारे. त्यांत दोन सौंदाळे मोठाले होते. तसले त्या दिवशी फक्त विमलाच्या वाट्याला आले होते, हे जानकीने पुळणीवर स्वतः बघितलं होतं. जानकी पाटीसमोर उभी राहिली आणि तिचे हात आपसूक जोडले गेले. तिने पुष्कळ देव बघितले होते, पालख्या बघितल्या होत्या, पण सत्तर माणसं एका दिवसात आपली रीत बदलतात आणि तिच्या नवऱ्यासाठी बदलतात, एवढं मोठं तिने काही बघितलं नव्हतं. तिने पाटी उचलायच्या आधी उंबऱ्याला डोकं टेकवलं.

आणि बाबलीला काय वाटलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. त्याने पाटी बघितली आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला. वरवर सगळं तसंच होतं. मात्र एक ओझं गेलं होतं. आता त्याला बरं असल्याचं सोंग करायचं नव्हतं, आणि ते सोंग किती जड होतं हे खाली ठेवल्यावर त्याला कळलं.

दिवस गेले. रोज सकाळी गंगाराम येई आणि ओट्यावर बसे. कधी जाळ्याची फाटकी बाजू घेऊन येई, एक टोक बाबलीच्या हातात देई, आणि दोघं न बोलता विणत बसत. बाबलीची बोटं चालत, बाकीचा तो कुठे असे कोण जाणे. कधी दोन दिवस बरे जात आणि तिसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठत नसे. गंगाराम तरी येऊन बसे आणि एकटाच विणून जाई. पुळणीवर रापण अंदाजाने लागत होती. कधी भरून येई, पुष्कळदा रिकामी. बाबलीच्या दारातली पाटी मात्र चुकली नाही. ज्या दिवशी जाळ्यात काही आलं नाही त्या दिवशी पाटीत सुके बांगडे आले.

पौषात एकदा जेवताना बाबली म्हणाला, "सार खारट झाला गो."

जानकी उठून परसात गेली आणि माडाला धरून हमसून हमसून रडली. चार महिन्यांनी तिच्या नवऱ्याने तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पुन्हा मीठ जास्त घातलं, खात्री करून घ्यायला. बाबलीने ताट सरकवलं. ती देवापुढे साखर ठेवून आली.

माघात तो पुळणीवर यायला लागला. लाल फडकं त्याने बांधलं नाही आणि कोणी आणून दिलं नाही. तो दोराच्या शेवटच्या टोकाला, म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत उभा राही. थकला की सोडून वाळूत बसे. "कसो आसस?" असं कोणी विचारत नसे. ज्या वाडीत कोणाच्या घरात काय शिजतं हे चुलीला कळायच्या आधी शेजारणीला कळतं, तिथे एवढ्या महिन्यांत एकाही तोंडातून तो प्रश्न बाहेर पडला नाही. ही माणसं कशाची बनलेली होती, हे आठवलं की आजही नवल वाटतं.

शिमग्याला आठ-दहा दिवस राहिले होते. सकाळचं ऊन पडलं होतं. अजून होडी निघाली नव्हती, माणसं विड्या ओढत होती, बायका पाट्यांवर बसून गप्पा मारत होत्या. बाबली पाण्याच्या काठाला पाय बुडवून उभा होता. काही बघावं म्हणून उभा नव्हता, पायांना गार लागत होतं म्हणून उभा होता. आणि त्याला हातावर काहीतरी जाणवलं. मुंगी असेल म्हणून त्याने खाली बघितलं.

मुंगी नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत केस उभे होते.

त्याने मान वर केली. किल्ल्याच्या उजव्या अंगाला पाणी जांभळं झालं होतं. वारा नव्हता, पाऊस नव्हता, आणि पाणी शहारत होतं. लांब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती शिरशिरी गेली, थांबली, आणि सगळीच्या सगळी एकदम वळली. त्या वळण्यात हजारो पाठी उन्हाला लागल्या आणि समुद्र आतून उजळल्यासारखा झाला. बाबलीचं तोंड उघडं राहिलं. हे होतं, म्हणजे हे सगळं इथेच होतं. तो घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता तेव्हाही ते येत होतं, वळत होतं, जात होतं, आणि त्याची वाट बघायला थांबलं नव्हतं, की त्याच्यावर रुसूनही बसलं नव्हतं.

मग त्याला भीती वाटली. मागच्या वेळी काही न दिसताच त्याने फडकं फिरवलं होतं. आता हे मनच आपल्याला फसवत असेल तर?

तो ओरडला नाही. तो पाण्यातून चालत गंगारामकडे गेला आणि त्याने आपला हात पुढे केला.

"तांडेलानू, माझो हात बघा."

गंगारामने हात बघितला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, उन्हाकडे वळवला, आणि उभ्या राहिलेल्या त्या केसांवरून एक बोट अलगद फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावरचे सगळे स्नायू हलले. समुद्राकडे त्याने एकदाही बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्याने मान मागे टाकली आणि लोकांना माहीत नव्हता एवढा मोठा आवाज काढला, "होडी काढा! माझ्या घराकडची वल्ही घेवन येवा!"

ती ओढ दांडीवर पुढे कित्येक वर्षं सांगितली गेली. दोर इतके जड झाले की शेजारच्या वाडीची माणसं धावत आली. विमला सगळ्यांच्या पुढे होती आणि ओढता ओढता कोणालातरी शिव्या देत होती, डोळ्यांतून पाणी गळत असताना. जाळ्याचा घोळ पुळणीला लागला तेव्हा बांगडे एवढ्या जोराने उसळत होते की जवळच्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. पण बाबली तिथे नव्हता.

तो घरी आला होता. जानकी चुलीपाशी होती. तो दारात उभा राहिला, गुडघ्यापर्यंत ओला, आणि म्हणाला, "पाणी तापव. माका न्हाऊचा आसा."

जानकीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता निगडीचा पाला आणायला गेली. धाकटी पोर तांडेलाला बोलवायला धावली.

गंगाराम आला तो तसाच, अंगाला खवले चिकटलेले, दम लागलेला. बाबली माडाखालच्या दगडावर बसला होता. गंगारामने तांब्या भरला. या वेळी त्याने पाण्यात बोट घालून बघितलं, जरा गार पाणी मिसळलं, पुन्हा बघितलं. मग हळूहळू, धार तुटू न देता, त्याने तो तांब्या बाबलीच्या डोक्यावर ओतला. बाबली सवयीने उठायला लागला.

"बस रे," गंगाराम म्हणाला. "घाई नाय."

बाबली बसला. त्याच्या केसांतून, खांद्यांवरून पाणी वाहत माडाच्या मुळाशी जात होतं. त्याने डोळे पुसले आणि हंड्याकडे बोट दाखवलं.

"एक तांब्यो लवूच्या नावान ओता," तो म्हणाला. "थंय, माडाच्या मुळात. तेची आंघोळ ऱ्हवली आसा."

गंगारामने तांब्या भरून घेतला आणि माडापाशी गेला. तिथे तो वाकला, पण त्याच्याने पाणी ओतवेना. साठीचा तो माणूस भरलेला तांब्या छातीशी धरून तिथेच खाली बसला आणि त्याच्या तोंडून भावाचं नाव निघालं, एकदा, दोनदा. बाबली ओल्या अंगाने उठला, त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने तांब्याखाली आपला हात दिला. दोघांनी मिळून ते पाणी सावकाश ओतलं. जानकीने चुलीत आणखी एक लाकूड सारलं आणि हंडा पुन्हा भरायला घेतला.